संकटापूर्वीची तालीम

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे आणि तेथे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी ते वर्ष बरे मानले जाते. माण, त्याला लागून असलेला खटाव आणि आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडी हा सारा पट्टा माणदेश म्हणून ओळखला जातो. उघडी माळराने, खडकाळ जमीन, बाजरीची शेते आणि मेंढ्यांचे कळप ही त्याची ओळख. दुष्काळ येथे पाहुण्यासारखा येत नाही, घरच्या माणसासारखा राहतो. अशा मुलखात संकटाला तोंड देण्याची तयारी कधी करायची आणि कोणी करायची, हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या उभा राहिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पटांगणात शोधणारा एक संस्थानिक याच भागात होऊन गेला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव. सूर्यनमस्काराचे प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक, स्वतःहून सत्ता सोडणारे राजे अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु या साऱ्या कार्याच्या मुळाशी एकच धारणा दिसते. माणसाचे शरीर आणि मन आधी तयार असले पाहिजे, कारण संकट आल्यावर तयारीला वेळ मिळत नाही. आणि ही तयारी लहान वयात, सर्वांची, रोज व्हायला हवी. शाळकरी मुलांना आग, भूकंप, पूर यांसारख्या आपत्तींना तोंड देण्याचे शिक्षण आज दिले जाते, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही.

दुष्काळ आणि प्लेग यांच्या सावलीत

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद परशुराम त्र्यंबक यांच्यापासून या घराण्यात स्थिरावले. औंधची यमाई ही घराण्याची कुलदेवता. पुढे मराठी सत्ता गेली, इंग्रज आले, तरी औंधची लहानशी गादी टिकून राहिली. ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी व कुंडल हे भाग तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या मुलखात, तर गुणदाळ दूर विजापूरकडे, अशी त्याची विखुरलेली मांडणी होती. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि त्यातला मोठा वाटा कोरडवाहू जमिनीचा.

बाळासाहेब आठ वर्षांचे असताना १८७६ चा दुष्काळ सुरू झाला आणि दख्खनचा पठारी प्रदेश होरपळून निघाला. त्यांच्या ऐन तारुण्यात, १८९६ मध्ये, मुंबई आणि पुण्यात प्लेगने प्रवेश केला. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. अन्नाविना खचलेली शरीरे रोगाला सहज बळी पडतात, हे त्या पिढीने पुस्तकात वाचले नाही. ते तिने गावोगाव पाहिले. शरीरबल हा बाळासाहेबांच्या पिढीतल्या अनेकांचा ध्यास का झाला, याचे एक कारण या अनुभवात आहे.

त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्यास झाले आणि पदवी त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून घेतली. संस्थानिकाच्या मुलाने पदवीधर होणे ही त्या काळी सर्रास घडणारी गोष्ट नव्हती. १८९५ पासून १९०१ पर्यंत त्यांनी वडिलांचे मुख्य चिटणीस म्हणून काम केले. दप्तर, महसूल, तगाई, फिर्यादी या सगळ्यांतून राज्यकारभाराची खालची बाजू त्यांना जवळून दिसली. गादीवर त्यांचा थेट हक्क नव्हता. वडिलांनंतर थोरले बंधू व त्यांच्यानंतर पुतणे गादीवर आले. पुतण्यांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, बाळासाहेब औंधचे अधिपती झाले.

सँडोपासून सूर्यनमस्काराकडे

व्यायामाकडे बाळासाहेब वळले ते एका परदेशी मल्लाच्या प्रभावाने. जर्मनीत जन्मलेला युजेन सँडो याने डंबेल्स, स्प्रिंगची साधने व पुस्तके यांच्या आधारे शरीरसंवर्धनाची एक पद्धत जगभर लोकप्रिय केली होती. १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी ही साधने मागविली आणि जवळजवळ दहा वर्षे हा व्यायाम नेमाने केला. स्नायू भरले, परंतु त्यांचे समाधान झाले नाही. साधनांवाचून अडणारा व्यायाम सामान्य माणसाच्या कामाचा नाही, हेही त्यात स्पष्ट होते. माणदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाने डंबेल्स कोठून आणावेत?

मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. परंपरा त्यांचे नाते समर्थ रामदासांशी जोडते आणि तालमींतून ते पूर्वीपासून घातले जात होते. बाळासाहेबांनी त्यांना निश्चित क्रम दिला. हात जोडून ताठ उभे राहायचे, कमरेत वाकून तळहात जमिनीला टेकवायचे, एक पाय मागे न्यायचा, मग दुसरा, कपाळ-छाती-गुडघे टेकवायचे, छाती उचलून मान मागे न्यायची, कंबर वर उचलायची आणि उलट क्रमाने पुन्हा उभे राहायचे. दहा अवस्थांची ही साखळी. प्रत्येक अवस्थेबरोबर श्वास बांधलेला आणि प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र व सूर्याचे एक नाव. हात, पाठ, पोट, पाय यांपैकी शरीराचा कोणताही मोठा भाग त्यातून सुटत नाही आणि दमही वाढतो.

या व्यायामाला लागते काय? माणूस आडवा पडेल एवढी जागा. पैसा नाही, साधन नाही, पहिलवान उस्ताद नाही. मुलगा, मुलगी, तरुण, वृद्ध कोणीही तो करू शकतो आणि तो घरात, ओसरीवर किंवा शाळेच्या अंगणात होऊ शकतो. दरिद्री प्रजेच्या राजाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. स्वतः बाळासाहेब आणि त्यांचे सारे कुटुंब रोज नमस्कार घालीत असे. प्रजेला सांगण्यापूर्वी राजवाड्यात नियम पाळला गेला, म्हणून त्या सांगण्याला वजन आले.

शाळेचे पटांगण

गादीवर आल्यावर बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांबरोबर मुलींनाही. ज्या काळात मुलींनी शाळेत जाणेच अनेक घरांना मान्य नव्हते, त्या काळात मुलींच्या शारीरिक बळाचा आग्रह धरणे हे धाडस होते. व्यायाम हा त्यांच्या लेखी मधल्या सुट्टीतला विरंगुळा नव्हता. वाचन, लेखन व गणित यांच्या बरोबरीचा तो विषय होता. दौऱ्यावर असताना शाळेत जावे, मुलांचे नमस्कार पाहावेत, अवस्था चुकत असेल तर ती दुरुस्त करावी, हा या राजाचा आवडता उद्योग होता.

त्या काळी जगभर शाळकरी मुलांच्या शिस्तीचा व तयारीचा विचार चालू होता. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर भरविले आणि बालवीर चळवळीला आरंभ झाला. प्रथमोपचार, गाठी मारणे, आग विझविणे, बुडत्याला वाचविणे या गोष्टी मुलांना शिकविल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थानात मात्र त्या चळवळीची दारे आरंभी हिंदी मुलांना बंद होती. म्हणून १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभी केली. महाराष्ट्रात १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला. औंधचा उपक्रम या साऱ्यांच्या सोबतीचा, परंतु एका बाबतीत निराळा. इतर ठिकाणी हौशी मुले निवडून घेतली जात. औंधात शाळेच्या पटावर नाव असलेल्या प्रत्येक मुलाला त्यात सामील व्हावे लागे. संकट हौशी मुलांना निवडून गाठत नाही. तयारी करायची तर सगळ्यांचीच करावी लागते.

या सक्तीला दुसरी बाजूही होती. व्यायाम हुकमाने करवून घ्यावा काय, मंत्रासह घातलेला नमस्कार सर्वांवर सारखाच बंधनकारक असावा काय, हे प्रश्न तेव्हाही विचारता येत होते आणि आजही विचारता येतात. अर्धपोटी मुलाकडून नमस्कार घालून घेण्यापेक्षा त्याच्या भाकरीची सोय पाहावी, हा आक्षेपही रास्त आहे. बाळासाहेब मायेचे असले तरी राजे होते आणि प्रजेचे हित आपल्याला तिच्यापेक्षा अधिक कळते, ही राजेपणाची समजूत त्यांच्या पूर्वार्धातल्या कारभारात दिसते. त्यांच्या चरित्राचे मोठेपण हे, की उत्तरार्धात त्यांनी ही समजूतच सोडून दिली.

व्यायामाला मर्यादा आहेत, हे औंधने लवकरच अनुभवले. गरीब विद्यार्थ्यांना औंधात शिकण्याची सोय मिळते असे ऐकून कोकणातल्या पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा मुलगा तेथे आला होता. पुढे महाराष्ट्र ज्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला, तेच हे. परंतु औंधात प्लेगची साथ आली आणि त्यांना शिक्षण अर्धवट टाकून गाव सोडावे लागले. पुढचे शिक्षण पुण्यात झाले. साथीच्या रोगापुढे एकट्या मुलाचे बळकट शरीर पुरत नाही. त्यासाठी गाव स्वच्छ असावे लागते, वेळीच निर्णय घेणारी माणसे गावातच असावी लागतात आणि एकमेकांना सांभाळून घेण्याची सवय असावी लागते. शरीराच्या तयारीकडून समाजाच्या तयारीकडे जाणारी ही वाट होती.

पुस्तक, चित्रफीत आणि लंडन

सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानापुरता ठेवणे बाळासाहेबांना मान्य नव्हते. त्यांनी त्यावर मराठीत व इंग्रजीत लिहिले, व्याख्याने दिली, प्रात्यक्षिके केली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस, बोलपट आपल्याकडे येण्यापूर्वी, नमस्कारांची मूक चित्रफीतही काढविली. शिक्षण देण्यासाठी चित्रपटाचा असा उपयोग करण्याची कल्पना त्या काळी अगदी नवी होती. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा तेथील पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. साठी ओलांडलेल्या या राजाची तरतरी पाहून त्या चकित झाल्या. त्यांनी संपादित केलेले सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि औंधची ही कवायत पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचली. आज जगभरच्या योगवर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात. त्या प्रसाराच्या आरंभीच्या टप्प्यांत औंधचे स्थान मोठे आहे.

बाळासाहेबांची रसिकता व्यायामापुरती मर्यादित नव्हती. रामायणातील प्रसंगांची चित्रे स्वतः काढून त्यांनी १९१६ मध्ये चित्ररामायण प्रसिद्ध केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आश्रय दिला आणि त्यांचे स्वाध्याय मंडळ तेथेच वाढले. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभे राहिलेले श्रीभवानी संग्रहालय आजही देशोदेशींच्या कलाकृतींसाठी प्रसिद्ध आहे. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हा राजा हाती चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभा राही आणि आख्यानातून प्रजेला उपदेश करी.

उद्योगाच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच दूरवरची होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान त्यांना दिले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पावसावर जगणाऱ्या मुलखात, पावसाखेरीज पोट भरण्याचे दुसरे साधन निर्माण करणे, हीसुद्धा संकटापूर्वीची तयारीच होती.

सत्तेची तालीम

१९३८ हे वर्ष औंधच्या इतिहासात निर्णायक ठरले. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डमध्ये शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ मध्ये परतले होते. पोलंडमधून हिंदुस्थानात आलेले, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे प्रमुख असलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. फ्रीडमन पुढे स्वामी भारतानंद या नावानेही ओळखले गेले. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवावी, ही कल्पना या मंडळींच्या चर्चेतून पुढे आली आणि सत्तरीच्या राजाने ती स्वीकारली. मसुद्यासाठी ते महात्मा गांधींकडे गेले.

गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये औंधात लागू झाली. गावाचा कारभार गावाने निवडलेल्या पंचांच्या हाती, त्यावर तालुक्याची सभा आणि त्यावर संस्थानचे विधिमंडळ, अशी खालून वर जाणारी ती रचना होती. राजाने आपल्या खासगी खर्चावर मर्यादा घालून घेतली. इतर संस्थानांतून प्रजा हक्कांसाठी लढत असताना येथे राजा आपण होऊन हक्क सोडत होता.

या घटनेतली एक अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मतदाराला लिहिता-वाचता येणे आवश्यक होते. त्यामुळे गावोगाव प्रौढांना अक्षरे शिकविण्याची धडपड सुरू झाली. हीच ती बाळासाहेबांची जुनी धारणा, फक्त आता तिचे क्षेत्र बदलले होते. जबाबदारी अंगावर पडण्यापूर्वी ती पेलण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. फरक एवढाच, की पूर्वी हुकूम देणारा राजा होता आणि आता निर्णय घेणारे गाव होते.

याच काळात आटपाडीच्या माळावर आणखी एक प्रयोग उभा राहिला. १९३९ मध्ये फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि बाळासाहेबांच्या पाठिंब्याने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. भिंती नाहीत, गजांच्या कोठड्या नाहीत. कैद्याने जमीन कसावी, कुटुंबासह राहावे आणि विश्वासाला पात्र ठरावे, हीच तेथली शिस्त. माणदेशातल्या शेटफळे येथे जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी पुढे याच प्रयोगाच्या प्रेरणेने कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट पडद्यावर आणला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ती वसाहत आजही चालू आहे.

बनगरवाडीची तालीम

बाळासाहेबांच्या काळातील माणदेश मराठी वाचकाच्या मनात कायमचा कोरला, तो व्यंकटेश माडगूळकर यांनी. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत शिकवायला गेलेल्या तरुण मास्तराची गोष्ट सांगते. मास्तर वाडीतल्या लोकांना एकत्र आणतो आणि सर्वांच्या श्रमातून तेथे तालमीची इमारत उभी राहते. तिच्या उद्घाटनाला खुद्द राजे येतात. व्यायामावर जीव असलेल्या राजासाठी गावाने तालीम बांधावी, हे अगदी साहजिक वाटते. परंतु कादंबरी तेथे थांबत नाही. पाऊस पाठ फिरवतो, मेंढ्या मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते.

औंधच्या प्रयोगावर याहून प्रामाणिक भाष्य सापडणे कठीण. तालमीने पाऊस पडत नाही. नमस्कारांनी विहिरीला पाणी लागत नाही. आपत्तीची तयारी आपत्ती टाळू शकतेच असे नाही. मग तिचा उपयोग काय? एकेकट्या झोपड्यांत राहणारी माणसे दगड वाहण्यासाठी एकत्र येतात, कामे वाटून घेतात, ज्याला जे जमते ते तो करतो आणि कोणाच्या पोटाची किती कोंडी आहे हे सर्वांना कळते. तालमीची इमारत उभी करणे हीच त्या वाडीची खरी तालीम होती. संकटाच्या दिवसांत माणूस सर्वांत आधी एकटा पडतो आणि एकत्र काम करण्याची सवय असलेला समाज त्याला एकटे पडू देत नाही.

अखेरची वर्षे

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारची चळवळ पेटली. कुंडल हे तिचे महत्त्वाचे केंद्र आणि ते औंध संस्थानात होते. ब्रिटिशांच्या मांडलिकाने उघड विरोध करणे शक्य नव्हते, परंतु संस्थानची सहानुभूती कोणाकडे होती हे लपून राहिले नाही. १९४४ मध्ये अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान झाले. देश स्वतंत्र झाला आणि ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. गावपंचायतींचा तो प्रयोग दहा वर्षेही पूर्ण करू शकला नाही. ज्या राजाने आधीच सत्ता सोडली होती, त्याच्या जीवनात या विलीनीकरणाने फारशी उलथापालथ झाली नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले.

१३ एप्रिलच्या दुसऱ्या दिवसाशी देशाची एक आठवण जोडलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकाच वेळी वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझविण्यासाठी धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांमधून प्रात्यक्षिके होतात आणि मुलांच्या हाती अग्निशामक नळकांडे दिले जाते. खिटी काढायची, नळीचे तोंड ज्वाळांकडे नव्हे तर आगीच्या मुळाकडे धरायचे, दांडा दाबायचा आणि नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवायची. धूर भरला तर जमिनीलगत सरकायचे, कारण स्वच्छ हवा खाली असते. कपड्याने पेट घेतला तर धावायचे नाही. थांबायचे, आडवे व्हायचे आणि लोळायचे. तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही. घंटा झाली की दप्तर तेथेच ठेवून रांगेने पटांगणात यायचे आणि हजेरी द्यायची.

या शिक्षणाची निकड देशाला फार मोठी किंमत देऊन पटली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. शाळांमध्ये आग विझविण्याची साधने असावीत आणि कर्मचाऱ्यांना त्यांचे शिक्षण मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले. सातारा जिल्ह्याने तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप अनुभवला आहे. माणदेशात कडब्याच्या गंजीने पेट घेतला तर तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत जे काही करायचे, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच करावे लागते. ओली पोती, माती, पाण्याच्या घागरींची साखळी आणि वाऱ्याच्या दिशेने असलेली दुसरी गंजी वेळीच बाजूला काढणे, हीच तेथली पहिली अग्निशमन यंत्रणा. ती चालते माणसांच्या जोरावर, आणि माणसे घाबरून न जाता रांग धरू शकली तरच.

बाळासाहेबांचा अभ्यासक्रम आजच्या अर्थाने आपत्कालीन शिक्षणाचा नव्हता, हे स्पष्ट आहे. तरीही आगीच्या सरावाचे आणि सूर्यनमस्काराचे व्याकरण एकच आहे. ठरलेला क्रम, आवरलेला श्वास, सर्वांनी एकाच वेळी केलेली हालचाल आणि पुनःपुन्हा केलेला सराव. भीतीने मन गोंधळते तेव्हा शरीर रोजच्या सवयीकडे धाव घेते. वर्षातून एकदा, पाहुण्यांसमोर, छायाचित्रापुरते केलेले प्रात्यक्षिक ती सवय लावू शकत नाही. औंधच्या राजाने शाळेतल्या व्यायामाला समारंभाचे नव्हे, तर रोजच्या पाढ्यांचे स्थान दिले. त्यात मुलींना वगळले नाही, दुबळ्यांना वगळले नाही आणि साधनांची सबब पुढे येऊ दिली नाही.

माणदेशातल्या शाळांच्या पटांगणांत आजही सकाळी मुलांच्या रांगा उभ्या राहतात. राजा गेला, संस्थान गेले, हुकूमही गेला. त्या रांगांकडून पाच मिनिटांत शाळा रिकामी करण्याचा सराव महिन्यातून एकदा जरी करवून घेतला, तरी त्यासाठी कोणतेही नवे साधन लागणार नाही. लागेल ते पटांगण, घंटा आणि वर्षभर न कंटाळणारा मास्तर.